रोल नंबर १७ चा वाडा

खान्देशातल्या एका विद्यापीठाशी संलग्न वास्तुशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात घडलेलं हे प्रकरण. मी तिथली ग्रंथपाल. गाव, घराणं आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि चुका मात्र जशा झाल्या तशाच मांडल्या आहेत.

पार्श्वभूमी

आमचं ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली. वर थेट स्लॅब, पश्चिमेला खिडक्या. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कपाटाचं लोखंडी दार उघडताना हाताला चटका बसतो. वास्तुशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजचं ग्रंथालय पश्चिमेकडे तोंड करून कोणी बांधलं, हा प्रश्न दर वर्षी नवी बॅच विचारते. मी उत्तर देत नाही.

संग्रह कुठल्याही आर्किटेक्चर कॉलेजात असतो तसाच. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याच्या ड्युई वर्गीकरणातला ७२० चा पट्टा म्हणजे वास्तुकला, त्यात ७२८ म्हणजे घरं. बाजूला ६९० बांधकाम, ७११ नगररचना, ७१२ लँडस्केप. नॉयफर्ट या मापांच्या संदर्भग्रंथाच्या प्रती इतक्या झिजल्यात की बाइंडिंगवाला आता आम्हाला ओळखीचं गिऱ्हाईक समजतो. सर्वात जास्त मागणी असते ती २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेला आणि २०२० साली मुंबई वगळता बहुतेक राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीला. शिवाय नियतकालिकं, पाचव्या वर्षाचे थिसिस आणि साहित्य-नमुन्यांचं एक कपाट. त्यात वीट, फरशी, लाकूड, दगड असं सगळं हाताळून बघायला ठेवलंय. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची तपासणी आली की पुस्तकं किती, शीर्षकं किती, नियतकालिकं किती, हे मोजलं जातं. जे मोजलं जातं त्याची काळजी घेतली जाते, आणि आमच्याकडे न मोजलेली एक गोष्ट होती.

दुसऱ्या वर्षाची मुलं दर वर्षी एखाद्या गावात आठवडाभर मुक्काम करून एक जुनी वास्तू मोजतात. अभ्यासक्रमात त्याला काहीही नाव असो, मुलं ‘मेजर ड्रॉइंग’ (मूळ शब्द मेझर्ड, म्हणजे मोजून काढलेलं) म्हणतात. खान्देशात मोजायला वाड्यांची वाण नाही. दगडी जोतं, त्यावर मातीच्या भेंड्यांची जाड भिंत, आत सागाचे खांब, तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), वर मातीचं सपाट धाबं. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकायची, ती पाणी आत उतरू देत नाही. ढेलज, चौक, ओसरी, माजघर, धान्याचं बळद असं एकेक मोजत मुलं टेप आणि ओळंबा घेऊन फिरतात, चौकोनाचे कर्ण घेतात, आणि परत आल्यावर महिनाभर जागून ए-१ आकाराच्या शीटवर प्लॅन, सेक्शन (उभा छेद), एलिव्हेशन (समोरून दिसणारी बाजू) काढतात. ज्युरी होते, मार्क मिळतात, आणि शीट ग्रंथालयात येतात.

‘येतात’ म्हणजे आणून टाकल्या जातात. निकाल पक्का होईपर्यंत उत्तरपत्रिकांसारख्या त्या जपायच्या, एवढाच मूळ हेतू. पीव्हीसी पाइपच्या नळ्यांत आणि सुतळीने बांधलेल्या गुंडाळ्यांत त्या कपाटांच्या माथ्यावर चढत गेल्या. नोंद होती, पण ती परीक्षा विभागाच्या पद्धतीची : वर्ष, तुकडी, रोल नंबर. कोणतं गाव आणि कोणाचा वाडा, हे शीटच्या कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलेलं असे आणि शीट गुंडाळली की चौकट आत जाई.

प्रसंग

दोन पावसाळ्यांपूर्वी, सप्टेंबरात, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ नातवाला घेऊन आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. इथे त्यांना आप्पा म्हणू. काउंटरपाशी आले आणि म्हणाले, “ताई, आमना वाडाना नकाशा तुमनाकडे शे, आसं मन्हा नातू सांगस.”

त्यांचा वाडा पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या एका गावात. ऑगस्टच्या झडीत धाब्यावरून पाणी भिंतीत मुरलं आणि पुढची भिंत, ओसरीचे दोन खण (खांबांमधले गाळे) घेऊन, रात्रीत बसली. माणसं मागच्या भागात होती म्हणून वाचली. आता पुन्हा तसंच बांधायचं म्हणत होते. लाकूड शाबूत होतं, पण कोणता खांब कुठे आणि कोणती तुळई कशावर टेकलेली होती, हे मिस्त्रीला सांगता येईना. दहा-बारा वर्षांपूर्वी कॉलेजची पोरं आठवडाभर त्यांच्या ओसरीवर राहिली होती, भाकरी-ठेचा खाऊन सगळं मोजून गेली होती, हे मात्र घरात सगळ्यांना लख्ख आठवत होतं.

मी विचारलं, कोणतं साल? माहीत नाही. मुलांची नावं? “एक पोरगी होती, लई हुशार, पाटलांची.” खान्देशात एवढ्या माहितीवर शोध घ्यायचा म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आप्पा, नातू आणि आमचे परिचर दादा असे तिघं मिळून त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गुंडाळ्या उलगडत बसले. सापडलं नाही. आप्पा जाताना म्हणाले, “इतलं पुस्तक शेतस, आन आमना एक कागद नही.” मी त्यांचा फोन नंबर घेतला. शीट सापडली आणखी नऊ दिवसांनी, तीही चुकून, दुसऱ्याच बॅचच्या नळीत. नळीवर लिहिलं होतं : रोल नंबर १७.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्यांदा मला ही अडचण जागेची वाटली. मग पसाऱ्याची. दोन्ही खऱ्या होत्या, पण वरवरच्या. मुळातली अडचण अशी होती की संग्रह एका प्रश्नाचं उत्तर द्यायला लावला होता (या मुलाचं काम जमा झालं का?) आणि माणूस दुसराच प्रश्न घेऊन आला होता (माझ्या गावातला माझा वाडा कुठे आहे?). प्रश्न बदलला की रचनेतली तीच शिस्त आडवी येते.

ड्युईनेही मार्ग दिला नसता. सगळेच वाडे ७२८ मध्ये गेले असते आणि एका आकड्यात शेकडो घरं कोंबली गेली असती. पुस्तक विषयाने शोधतात, वास्तू ठिकाणाने शोधतात.

दुसरी एक गोष्टही त्याच आठवड्यात खुपली. आमच्याकडे चंदीगडवर भरपूर पुस्तकं आहेत. पण १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्यातून टिळकनगर ही अधिवेशनाची नगरी उभी केली, ते ठिकाण आमच्यापासून एसटीच्या अंतरावर. त्याचं एकही रेखाटन आमच्या कपाटात नाही. चांगदेव, बलसाणे, पाटणादेवी इथली मंदिरं, फरकांड्याचे झुलते मनोरे, यांचं जे काही मोजलेलं आमच्याकडे होतं ते या गुंडाळ्यांतच. म्हणजे विकत घेता येणार नाही असा आमचा एकमेव संग्रह कपाटाच्या वर, पालींच्या शेजारी होता.

समोर असलेले मार्ग

प्राचार्यांनी छोटी समिती नेमली : ते स्वतः, इतिहास शिकवणारे एक ज्येष्ठ सर, कार्यालयीन अधीक्षक आणि मी. चार मार्ग पुढे आले.

पहिला अधीक्षकांचा : निकाल लागून वर्षं लोटली, नियमाने ठेवायची गरज नाही, निर्लेखन करून, म्हणजे रीतसर बाद ठरवून, रद्दीत द्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जागा खरंच नव्हती, आणि शीट दाखल नोंदवहीत चढलेल्या नसल्यामुळे निर्लेखनही सोपं होतं. जे नोंदीत नाही ते टाकायला कोणाची सही लागत नाही.

दुसरा प्राचार्यांचा : सगळं स्कॅन करा आणि मूळ टाकून द्या. ऐकायला हा सगळ्यात शहाणा मार्ग होता आणि समितीचा कलही तिकडेच होता. मी विरोध केला तो भावनेपोटी नाही. एक साधा हिशोब मांडला. ए-१ शीट ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केली की न दाबलेली फाइल सुमारे २०९ मेगाबाइटची होते. शेकडो शीट म्हणजे हार्ड डिस्क, तिची दुसरी प्रत, आणि काही वर्षांनी दोन्ही बदलण्याचा खर्च. त्याची तरतूद कोण करणार? दुसरं, ट्रेसिंगवर (अर्धपारदर्शक कागदावर) पेन्सिलीने केलेल्या फिकट खुणा स्कॅनमध्ये हमखास बुडतात. आणि तिसरं, ‘रोल १७’ नावाच्या गुंडाळीची ‘रोल १७’ नावाची फाइल झाली तर आप्पांना काय उपयोग?

तिसरा मार्ग ज्येष्ठ सरांनी सुचवला : जुने कागद सांभाळण्याची परंपरा असलेल्या एखाद्या संस्थेकडे सोपवावं. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून ते काम करतं, तेव्हा ही कल्पना खान्देशात हवेतली नाही. पण तिथला संग्रह पोथ्या-दप्तरांचा, ऐतिहासिक साधनांचा. विद्यार्थ्यांच्या ए-१ शीट, त्यातल्या चुकांसकट, तिथे नेऊन त्यांच्यावर भार टाकण्यात अर्थ नव्हता. शिवाय या शीट रोज हाताळणारी मुलं आमच्याकडे होती.

चौथा : ठेवायचं, पण ठिकाणाप्रमाणे लावायचं, आणि नोंदवहीत रीतसर चढवायचं.

निर्णय चौथ्याच्या बाजूने झाला. खरं कारण सांगायचं तर युक्तिवादाने नाही. बैठकीच्या दिवशी मी आप्पांच्या वाड्याची शीट टेबलावर पसरली होती आणि पडलेल्या भिंतीचा नातवाने पाठवलेला फोटो शेजारी ठेवला होता. अधीक्षक बराच वेळ सेक्शनकडे बघत राहिले. त्यांचंही गाव त्याच पट्ट्यातलं.

एक तडजोड मात्र मी मान्य केली, आणि तिचा पस्तावा पुढे येईल. शीटबरोबर मुलांच्या कच्च्या कागदांचे गठ्ठेही होते : जागेवर हाताने काढलेली रेखाटनं, त्यावर निळ्या-लाल पेनने टाकलेली मापं, चहाचे डाग. ‘हे तरी जाऊ द्या’ म्हटल्यावर मी हो म्हटलं. दोन पोती रद्दी निघाली.

काय केलं

क्रमवारी. जिल्हा, तालुका, गाव, पेठ किंवा गल्ली, आणि शेवटी घर. धुळ्याच्या शीट भराभर लागल्या, कारण ब्रिटिश आमदानीच्या सुरुवातीला ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात तिथली पेठ आखून वसवली गेली आणि गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात. एरंडोल, पारोळा, चोपडा इथे मात्र एकाच बोळाला तीन नावं. मुलांनी लिहिलेलं एक, घरमालक सांगतात ते दुसरं, नगरपालिकेच्या पाटीवरचं तिसरं. आम्ही तिन्ही नोंदवली आणि शोध कशानेही लागेल असं केलं. घराला आडनाव द्यायचं की नाही यावर वाद झाला, तो पुढच्या भागात.

कोहा ही ग्रंथालयाच्या नोंदींची मुक्त संगणक प्रणाली आमच्याकडे आधीच होती. प्रत्येक वाड्याला पुस्तकासारखी एक नोंद, त्याखाली त्याच्या सगळ्या शीट, प्रत्येक शीटला स्वतःचा दाखल क्रमांक. मोजणीचं वर्ष, मापप्रमाण, मार्गदर्शक शिक्षक, आणि ‘वास्तूची सद्यस्थिती’ असा एक रकाना. हा शेवटचा रकाना एका विद्यार्थिनीने सुचवला. तो भरताना कळलं की मोजलेल्यांपैकी बरेच वाडे आता नाहीत.

साठवण. सपाट ड्रॉवरचं कपाट एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. मी त्याला सांगितलं, शीट ५९४ बाय ८४१ मिलिमीटरची. त्याने ड्रॉवरचं आतलं माप चोख ६०० बाय ८५० केलं. शीट बसायची, पण काढायला बोट आत जायचं नाही. मापं शिकवणाऱ्या कॉलेजात माप देताना मी बोटाची जागा विसरले. तीन ड्रॉवर तसेच राहिले, त्यात आता साहित्य-नमुने आहेत. बाकीचे मोठे करून घेतले.

अमोनिया प्रिंट (ट्रेसिंगवरून जुन्या पद्धतीने काढलेल्या प्रती) वेगळ्या ठेवल्या. त्या प्रकाशात उडतात, तांबूस पडतात आणि शेजारच्या कागदालाही डाग देतात. ट्रेसिंग वेगळ्या. सेलोटेप जिथे होती तिथे तशीच राहू दिली, कारण ती ओढली की रेषाही निघते. फाटलेल्या कडा पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या खळीने जोडल्या. हे काम दादांनी शिकून घेतलं, आणि माझ्यापेक्षा त्यांचा हात हलका आहे.

स्कॅनिंग. शहरातल्या प्लॉटिंगच्या दुकानात मोठ्या आकाराचा स्कॅनर होता. कागद एका बाजूने रुळांत शिरतो, दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. नव्या कागदाला उत्तम. आमच्या दोन जुन्या ट्रेसिंग त्या रुळांत गेल्या आणि तुकड्यांनी परत आल्या. दुकानदार बिचारा घाबरला. चूक त्याची नव्हती, ठिसूळ ट्रेसिंग रुळाला द्यायचीच नसते. त्यानंतर अशा सगळ्या शीट टेबलावर सपाट ठेवून, वरून कॅमेऱ्याने टिपल्या. स्कॅनइतकी अचूक नाही, पण कागद जिवंत राहिला. मूळ टाकून न देण्याचा निर्णय इथे कामाला आला, हे प्राचार्यांनी स्वतः बोलून दाखवलं.

हक्क. आराखडा आणि नकाशा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीत मोडतो, आणि तो काढणाऱ्या विद्यार्थ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. शीट आमच्या कपाटात आहे म्हणून ती आमची होत नाही. जुन्या बॅचेसच्या व्हॉट्सॲप गटांवर संमतीपत्र फिरवलं. बहुतेकांनी आनंदाने सही करून पाठवलं. रोल नंबर १७ सापडली : पाटलांचीच मुलगी, आता पुण्यात स्वतःचं ऑफिस. आप्पांचं नाव काढताच तिने आधी त्यांच्या घरच्या कळण्याच्या भाकरीची चौकशी केली.

कोणी काय बघावं

इथे आम्ही सगळ्यात जास्त अडखळलो.

सुरुवातीचा उत्साह असा होता की सगळं खुलं करायचं. खान्देशातल्या वाड्यांचा संग्रह, कोणीही बघावा, कुठूनही बघावा. एका शिक्षकाने वेबसाइटचा आराखडाही केला होता. नोंदी होऊन महिना होत नाही तोच दोन माणसं आली.

पहिले जुन्या लाकडाचा व्यवहार करणारे. फार सभ्य, कार्ड देऊन बसले. कोणत्या गावात कोरीव खांब, कोरीव चौकटी, नक्षीचे हस्त (तुळईखालचे लाकडी आधार) आहेत याची यादी हवी होती, ‘संशोधनासाठी’. खान्देशातल्या किती वाड्यांचे दरवाजे असे टेम्पोत चढून शहरातल्या हॉटेलांत गेले, हे या भागात राहणाऱ्याला माहीत आहे. आमची यादी म्हणजे त्यांच्यासाठी तयार बाजारभावाचं पत्रक झालं असतं.

दुसरे एक तरुण, बरोबर एक कपाळभर कुंकू लावलेले गृहस्थ. त्यांना एका पडक्या वाड्याच्या तळघराचा सेक्शन हवा होता. तळघराची खोली किती, भिंत कुठे जाड आहे, हे ते विचारू लागले तेव्हा दादांनी मला डोळ्यांनी खूण केली. गुप्तधन. मी ‘शीट दुरुस्तीला आहे’ असं सांगून त्यांना वाटेला लावलं. खोटं बोलले, त्याचं वाईट वाटत नाही. पण प्रत्येक वेळी खोटं बोलून ग्रंथालय चालवता येत नाही. नियम हवा होता.

त्यातून तीन पायऱ्या ठरल्या. गावाचं नाव, वास्तूचा प्रकार, मोजणीचं वर्ष आणि बाहेरून कोणालाही दिसतं ते दर्शनी एलिव्हेशन सर्वांना खुलं. राहत्या घरांचे प्लॅन आणि सेक्शन फक्त वाचनकक्षात, ओळखपत्र व कारण नोंदवून, प्रत न देता. आणि तळघर, बळद, तिजोरीची खोली दिसणाऱ्या शीट घरमालकाच्या लेखी परवानगीनेच. मंदिरं, मनोरे, किल्ले यांना ही अट नाही. आडनावं सार्वजनिक नोंदीतून काढली, आतल्या नोंदीत ठेवली.

ज्येष्ठ सरांना हे पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांचं म्हणणं : लपवलेला संग्रह मरतो. वाडा पडल्यावर शीट खुली करणार, म्हणजे वाडा वाचवायला तिचा उपयोग काय? या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी एवढंच म्हणते की त्या आठवड्यात मुलांना ओसरीवर झोपू देणाऱ्या बाईने घराच्या आतलं जग विश्वासाने दाखवलं होतं, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं की हे जगाला दाखवायचं का.

आप्पांना काय मिळालं

आप्पांना प्रत द्यायची यावर वाद नव्हता. मालक तेच, शीट काढणारीची संमती आली होती. प्लॅन, दोन सेक्शन आणि कडीपाटाची शीट यांच्या मूळ मापप्रमाणात प्रिंट काढून दिल्या. मिस्त्रीला कडीपाटाची शीट सगळ्यात उपयोगी पडली, कारण मुलांनी प्रत्येक तुळईला क्रमांक दिला होता. ओसरीचे खांब त्यांच्या जुन्या तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडांवर) परत उभे राहिले.

एक गोष्ट मात्र जुळेना. शीटवर पुढची भिंत खालपासून वरपर्यंत एकाच जाडीची, सरळ. मिस्त्री म्हणाला, भिंत खाली जाड आणि वर निमुळती होती, पडलेल्या ढिगाऱ्यात ते दिसतंय. रोल नंबर १७ ला फोन केला. ती हसली. म्हणाली, “मॅडम, कच्च्या शीटवर दोन्ही मापं आहेत. पक्की काढताना सरळ केली, रेषा स्वच्छ दिसते म्हणून.” कच्च्या शीट दोन पोत्यांतून केव्हाच गेल्या होत्या.

मग प्रकरणाला दुसरं वळण लागलं. दिवाळीनंतर आप्पांचा पुतण्या आला, वकिलाचं पत्र घेऊन. वाड्याच्या वाटण्यांचा वाद भावांमध्ये जुना होता, भिंत पडल्याने तो वर आला. मिळकत पत्रिकेवर वाड्याची बाहेरची हद्द आणि क्षेत्रफळ होतं. आत कोणाच्या वाट्याला किती खण, हे दाखवणारा कागद कोणाकडेच नव्हता. आमची शीट सोडून. पत्रात मागणी होती ‘प्रमाणित प्रतीची’.

समितीत पुन्हा दोन मतं. एक म्हणजे सरळ नकार द्यावा, कोर्टकचेरीत कॉलेजला ओढू नये. दुसरं, आप्पांना दिली तर पुतण्याला का नाही? तोही त्याच घरातला हिस्सेदार. मला दुसरं मत न्याय्य वाटलं. पण प्रमाणित कशाचं करणार? दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी शिकण्यासाठी केलेलं रेखाटन हा मोजणी खात्याचा नकाशा नव्हे. भिंत सरळ करण्याचं उदाहरण ताजंच होतं. शेवटी पुतण्याला आप्पांना दिल्या त्याच प्रिंट दिल्या, आणि दोघांच्याही प्रतींवर तेव्हाच करून घेतलेला शिक्का मारला : ‘विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी केलेले रेखाटन. मालकी, हद्द अथवा वाटणीचा पुरावा नाही.’ आप्पांची प्रत परत मागवून शिक्का मारला, तेव्हा ते रागावले. माझ्यावर विश्वास नाही का, असं म्हणाले. हा शिक्का पहिल्याच दिवशी असता तर ती वेळ आली नसती.

निष्पन्न

वाड्याचा पुढचा भाग उभा आहे. धाब्याऐवजी वर पत्रे आले, कारण खारी टाकणारी माणसं आता गावात मिळत नाहीत, असं आप्पा सांगतात. वाटणीचा दावा चालू आहे.

ग्रंथालयात दरवर्षीच्या शीट आता थेट ड्रॉवरमध्ये जातात. दुसऱ्या वर्षाची मुलं गाव निवडण्याआधी नोंदी बघतात, त्यामुळे तोच वाडा तीनदा मोजला जाणं थांबलं. किंवा मुद्दाम दुसऱ्यांदा मोजला जातो, बदल काय झाला ते बघायला. काउन्सिलच्या तपासणीत या संग्रहाला स्वतंत्र रकाना नव्हता. आम्ही तो ‘इतर’मध्ये लिहिला. पाहणीला आलेल्या एका सदस्यांनी मात्र पुस्तकांपेक्षा जास्त वेळ ड्रॉवरपाशी घालवला.

काही शीटच्या कोपऱ्यातली चौकट कसरीने खाल्ली आहे, ठिकाण कळत नाही. त्यांचा एक ड्रॉवर आहे : ‘ठिकाण अज्ञात’. माजी विद्यार्थी आले की चहा देऊन त्यांना त्या ड्रॉवरपुढे बसवतो. आतापर्यंत त्यातले थोडेच वाडे घरी पोचले.

पुन्हा करायचं झालं तर

कच्चे कागद आधी ठेवीन, पक्क्या शीट नंतर. माप जागेवर घेतलेलं असतं. टेबलावर ते सुंदर होतं. आता नियम असा की कच्च्या शीटचा गठ्ठा जमा केल्याशिवाय पक्की शीट स्वीकारायची नाही, चहाचे डाग असले तरी.

घरमालकाची संमती मोजणीच्याच आठवड्यात घेईन, एका पानाच्या साध्या मराठी अर्जावर, आणि त्यांना शीटची एक प्रत देईन. आम्ही हे आता करतो. यासाठी खर्च एका प्रिंटचा, पण इतकी वर्षं कोणाच्या मनात आलं नाही. आप्पांच्या घरी तेव्हाच एक प्रत दिली असती तर हे प्रकरणच घडलं नसतं, आणि खरं तर संग्रहही कपाटावरच राहिला असता.

स्कॅनिंगला पाठवण्याआधी चाचणीला एक निरुपयोगी ट्रेसिंग देईन. फॅब्रिकेटरला बोटाची जागा सांगीन.

आणि मुलांना सांगीन की जे मोजलं नाही ते का मोजलं नाही, तेही शीटवर लिहा. पुतण्याला जी खोली बघायची होती, ज्या खोलीवरून सगळा दावा आहे, ती चौकाच्या उत्तरेची. तिचा प्लॅन मी प्रिंट देताना पहिल्यांदा नीट पाहिला. इतर सगळ्या भिंती ठसठशीत, आणि ही एक तुटक रेषांत. आत काही नाही. फोनवर विचारलं तेव्हा रोल नंबर १७ ला आठवलं : त्या आठवड्यात तिथे कुलूप होतं. किल्ली धाकट्या काकांकडे आणि काका सुरतेला.